थंड चुलीवरची कणसं

मुलांनो, असं समजा की तुमच्या हातात मक्याचं एक वाळकं कणीस आहे. पांढऱ्या दाण्यांचं, मुठीत जेमतेम मावणारं. ते किती जड असावं? पाण्याच्या तांब्याएवढं नाही, पण हाताला कळेल एवढं तरी. आता समजा, ते हातात घेतलं आणि हाताला काही कळलंच नाही. वाळकं पान उचलावं तसं ते उचललं गेलं. मग तुम्ही काय कराल? हलवून बघाल. प्रगतीनंही तेच केलं. कणीस हललं आणि तिच्या पायांवर पिठासारखी भुकटी पडली. भुकटीतून दोन काळे सोंडे, धान्य पोखरणारे किडे, बाहेर आले आणि जमिनीवरून चालू लागले.

"बा," ती म्हणाली, "ह्याच्यात कायच नाय."

तिचा बा देऊ डब्यावर चढून चुलीवरच्या काठीची कणसं सोडवत होता. पानांची वेणी घालून टांगलेली चाळीस कणसं. तो वरूनच म्हणाला, "एखादा असतो तसा. दुसरा बघ."

दुसरंही तसंच निघालं. तिसऱ्याचे वरचे दाणे भरलेले वाटले, पण प्रगतीनं नख लावलं तर नखच आत गेलं. देऊ डब्यावरून उतरला. त्यानं स्वतः चार कणसं सोलली, मग सहा, मग तो भिंतीला टेकून बसला. त्याच्या केसांत, खांद्यांवर ते पांढरं पीठ पडलं होतं.

प्रगतीची वाडी बदलापूरहून बारवीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या वर, डोंगराच्या कुशीत आहे. सोळा घरं. खाली ओढ्याकाठी थोडी भातखाचरं आणि वर उतारावर वरकस जमीन, जिथं नाचणी, वरई आणि मका होतो. मका मोठा नाही, पण लवकर येतो. पेरल्यापासून सत्तर दिवसांत कणसं भाजायला तयार. प्रगतीची आई भारती दर वर्षी ती कणसं टोपलीत भरून बदलापुरातल्या कात्रपच्या नाक्यावर नेई आणि शेगडी मांडून बसे. तेवढ्यावर घराची दिवाळी होई आणि पुढचे दोन महिने निघत. ज्या वर्षी मका जाई, त्या वर्षी दसऱ्यानंतर वीटभट्टीच्या मुकादमाची जीप वाडीत येई, तेव्हा घराला कुलूप लावून सगळ्यांना जावं लागे. प्रगती दोनदा गेली होती. दुसरीचं अर्धं वर्ष आणि चौथीचं अर्धं वर्ष तिनं चिखलाचे गोळे उचलण्यात घालवलं होतं. आता ती सहावीत होती.

यंदा जूनमध्ये पेरलेला मका वीतभर वर आला आणि मग बावीस दिवस पावसानं तोंड दाखवलं नाही. रोपांची पानं दुपारी सुरळी करून मिटत आणि संध्याकाळी उघडत. मग संध्याकाळीही उघडेनात. त्यानंतर पाऊस आला तो असा, की सपाटीवर जी रोपं जगली होती ती पाण्यात उभी राहून पिवळी पडली. आता जुलैची पंधरा तारीख उलटली होती. पुन्हा पेरायचं तर ह्याच आठवड्यात. आणि बियाणं म्हणजे जूनच्या पेरणीतून मागे ठेवलेली ही चाळीस कणसं.

प्रगतीची आजी नवसी दारात बसून हे बघत होती. ती उठली, चुलीजवळ आली आणि तिनं चुलीच्या आत हात घातला. राख दगडासारखी घट्ट झाली होती.

"ही कवापासून पेटली नाय?"

गेल्या दिवाळीत घरी सिलिंडर आला होता. तेव्हापासून स्वयंपाक गॅसवर होत होता. चूल तशीच होती, तिच्यावरची काठी तशीच होती आणि काठीवर नेहमीसारखी कणसंही टांगली होती. फक्त धूर नव्हता.

"तुझ्या गॅसानं खाल्ला बियाना," देऊ बायकोला म्हणाला.

आई पीठ मळत होती. तिनं हात थांबवला नाही. "माझा खोकला पण गॅसानंच खाल्ला. त्यो तुमाला दिसला नाय?"

"दिसला. पण आता पेरू काय? सिलिंडर?"

"गॅसानं नाय खाल्ला," आजी म्हणाली. "सोंड्यानं खाल्ला. धूर नव्हता म्हून सोंडा आला. कणसा टांगली मीच. चूल थंड हाय ह्या मना दिसला नाय, तर तिला कशाला बोलतोस?"

बाहेर शेजारचा चंदू येऊन उभा राहिला होता. त्याची मुलगी मंगली ही प्रगतीची मैत्रीण. चंदूच्या घरीही त्याच दिवाळीत सिलिंडर आला होता.

"तुमचा पण पीठ झाला?" त्यानं विचारलं. "आमचा सकाळीच बघितला. मना असा राग आला ना देऊ, सगळा अंगणात फेकून दिला. मंगलीच्या कोंबडीची दिवाळी झाली."

तो हसला, पण कुणी हसलं नाही म्हणून तोही थांबला.

दुसऱ्या दिवशी देऊ बियाणं आणायला निघाला. शाळेला सुट्टी होती, म्हणून प्रगती बरोबर गेली. बदलापुरात बियाण्याचं दुकान होतं. दुकानदारानं चकचकीत पाकीट काढून ठेवलं. मग विचारलं, "कधी पेरणार?"

"परवा."

"पाणी आहे? विहीर, बोअर?"

"पावसाचा."

दुकानदारानं पाकीट पुन्हा मागे ओढलं. "हे शंभर-एकशे दहा दिवसांचं आहे. आता पेरलंत तर नोव्हेंबर उजाडेल. पाऊस सप्टेंबरात जाईल, मग दाणे कशावर भरणार? कमी दिवसांचं यायचं होतं, आलंच नाही. उगाच विकू कशाला तुम्हाला?"

देऊ तिथून सरळ उल्हासनगरच्या दोन नंबर कॅम्पात गेला. तिथं त्यानं एकदा गोदामात हमाली केली होती. एका गल्लीत दोन्ही बाजूंना धान्याची पोती लावलेली होती आणि एका पोत्यात पिवळाधमक मका होता. देऊनं मूठभर उचलून तळहातावर घेतला. दुकानाचा मालक हरेशशेठ चहा पीत होता.

"कितना चाहिए?"

"पाच किलो. पेरायला."

हरेशशेठनं कप खाली ठेवला. "अरे भाऊ, ये मुर्गी का दाना है. कहाँ का माल, किस साल का, मेरे को भी नहीं मालूम. ये बोने का नहीं."

पोत्यांवर बसलेला हमाल म्हणाला, "बोने दो ना शेठ. खेत में मुर्गी उगेगी." गल्लीतले दोघे-तिघे हसले.

देऊच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. प्रगतीनं ते बघितलं आणि नजर पोत्याच्या शिवणीकडे वळवली. आपण बघितलं हे बाला कळू नये असं तिला वाटलं.

"दोन किलो द्या," देऊ म्हणाला.

हरेशशेठनं त्या हमालाला सिंधीत काहीतरी खडसावलं, दोन किलो मका पिशवीत घातला आणि म्हणाला, "ले जा. पर पहले थोडा भिगो के देख. उगा तो उगा. पूरा खेत मत बिगाड़."

परतीच्या टमटममध्ये देऊनं पिशवी सीटखाली ढकलली. प्रगती मात्र भिजवून बघण्याचा विचार करत होती. शाळेत अंजनाबाईंनी मुगाचे दाणे ओल्या फडक्यात घालून मोड आणून दाखवले होते. बाई कात्रपला राहायच्या, रोज स्कूटरवरून वाडीच्या शाळेत यायच्या. मुगाच्या वेळी त्या म्हणाल्या होत्या, "एक दाणा उगवला म्हणून खूश होऊ नका आणि एक मेला म्हणून रडू नका. शंभर मोजा."

घरी येऊन ती सरळ त्या चाळीस कणसांकडे गेली. आजीनं ती फेकू दिली नव्हती, कोपऱ्यात टोपलीखाली झाकून ठेवली होती.

"आजी, भाताचा बी आपण मिठाच्या पाण्यात कशाला टाकतो?"

"पोचट वर येतो. चांगला बुडतो."

"मग मक्याचा का नाय टाकत?"

आजीनं तिच्याकडे बघितलं. मग ती उठली आणि कळशी उचलून घेऊन आली.

त्या दोघींनी चाळीसच्या चाळीस कणसं सोलली. आजीचे अंगठे चिरलेले होते, तरी ती एकेक दाणा अंगठ्यानंच सुटा करत होती. पीठ उडायचं, शिंका यायच्या. सोंडे पायांवर चढायचे आणि प्रगती ते झटकायची. सोललेले दाणे त्यांनी मोठ्या पातेल्यातल्या साध्या पाण्यात ओतले. पोखरलेले दाणे भराभर वर आले, पातेल्याच्या तोंडाशी पांढरा थर झाला. आजीनं तो झाऱ्यानं काढून टाकला. मग तिनं आत हात घातला. तळाशी तिच्या बोटांना दाणे लागले.

"हायत," ती म्हणाली. "हायत, गो!"

तळाचे दाणे सुपात पसरले, तेव्हा सुपाचा अर्धा भाग भरला. प्रगतीनं त्यांतले शंभर मोजले. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा रांगा मांडल्या, गोणपाट गुंडाळला आणि सुतळीनं बांधला. दुसऱ्या गोणपाटात बानं आणलेल्या पिवळ्या मक्याचे शंभर. दोन्ही गुंडाळ्या तिनं पडवीत ठेवल्या. रोज सकाळ-संध्याकाळ ती त्यांवर पाणी शिंपडी. बा येता-जाता नुसता बघायचा. पण दुसऱ्या रात्री कुत्रं गुंडाळीला हुंगायला आलं, तेव्हा त्याच्यावर दगड त्यानंच भिरकावला.

चौथ्या दिवशी सकाळी सगळे पडवीत जमले. चंदू आणि मंगलीही आले. प्रगतीनं आधी पिवळ्याची गुंडाळी उघडली. आंबूस वास आला. बरेच दाणे मऊ पडले होते, काहींवर बुरशी होती. मोड आलेले तिनं मोजले. नऊ.

मग पांढऱ्याची गुंडाळी. गोणपाट उलगडला आणि मंगली ओरडली, "अगो!" रांगाच्या रांगा मोड आले होते. पांढरी मुळं गोणपाटाच्या धाग्यांत शिरली होती. प्रगतीनं दोनदा मोजलं. बहात्तर.

"आमचे पण असतील असे," चंदू हळूच म्हणाला. त्यानं अंगणाकडे बघितलं. तिथं मंगलीची तांबडी कोंबडी माती उकरत होती.

बियाणं थोडंच होतं. अर्धं वरकसही त्यात होणार नव्हतं. देऊ म्हणाला, "खालच्या सपाटीत पेरू. तिथं माती बरी."

"तिथंच बुडला होता," आजी म्हणाली.

"वर पेरला तर ऊन पडला की करपतो. मग कुठं पेरू? तुझ्या डोक्यावर?"

"काकडी कुठं लावतोस?"

देऊ थांबला. काकडी वाडीत सगळेच घराजवळ मातीचा उंचवटा करून लावतात, म्हणजे मुळाशी पाणी साचत नाही. आणि वर पालापाचोळा टाकतात, म्हणजे ऊन लागत नाही.

"एवढे उंचवटे कोण करील?" देऊ म्हणाला.

"बियाना थोडाच हाय," आई म्हणाली. चूल थंड असल्याच्या भांडणानंतर ती पहिल्यांदाच त्याच्याशी सरळ बोलत होती. "थोड्याला थोडेच उंचवटे लागतील."

तीन दिवस ती चौघं पावसात वरकसावर राबली. देऊ कुदळीनं उताराला आडव्या ताली, मातीचे बुटके बांध, ओढायचा, म्हणजे पाणी धावत खाली न जाता अडत अडत जाईल. आई फावड्यानं मातीचा वरंबा चढवायची. कुदळ दगडावर आपटली की देऊच्या मनगटातून कळ जायची आणि तो हात झटकायचा. डोक्यावरचं इरलं वाऱ्यानं मागं सरकायचं, पाठ चिंब व्हायची. प्रगती आणि आजी वरंब्यावर टोकणी करत. एका जागी दोन-दोन दाणे, कारण शंभरातले बहात्तरच उगवणार होते. मधे मधे आजी चवळीचा एकेक दाणा टाकी. शेवटी त्यांनी रानातून ऐनाचा आणि पळसाचा पाला भारे बांधून आणला आणि रांगांच्या मधे पसरला.

वाटेनं जाणारे लोक थांबून बघत. एक म्हातारा म्हणाला, "देऊ, मका पेरतोस की बिछाना घालतोस?"

"झोपायला ये," देऊ म्हणाला.

रोपं आली. सगळी नाही, पण बरीच. ऑगस्टच्या मध्यावर पुन्हा पाऊस थांबला. एक दिवस, चार दिवस, आठ दिवस. दुपारी मक्याची पानं सुरळी करू लागली. त्या दिवसांत प्रगती शाळेतून आली की दप्तर न काढताच वर जायची. पाला बाजूला करून मातीत बोट घालायची. माती थंड आणि ओलसर लागायची. संध्याकाळी ती वाट बघत बसायची. पानं उघडायची. अकराव्या दिवशीही उघडली. तेराव्या दिवशी पाऊस आला.

सप्टेंबर अखेरीस कणसांना केस फुटून ते तपकिरी झाले. दर वर्षी घरात एक रीत होती, आणि ती कुणी कधी तपासून बघितली नव्हती. सगळ्यांत मोठी, भरलेली कणसं आधी तोडून नाक्यावर न्यायची, कारण गिऱ्हाईक मोठंच मागतं. उरलेली बारकी, वाकडी कणसं शेवटी बियाण्याला. यंदा प्रगतीनं तोडणीच्या आधीच शेतात फेरी मारली. मक्याची जी ताटं कोरड्या दिवसांत सगळ्यांत उशिरा मिटायची आणि सगळ्यांत आधी उघडायची, ती तिनं तेव्हाच लक्षात ठेवली होती. त्यांतल्या भरलेल्या कणसांच्या पन्नास ताटांना तिनं बियाण्याची खूण म्हणून जुन्या लुगड्याच्या लाल चिंध्या बांधल्या.

आई आणि प्रगती दोन आठवडे कात्रपच्या नाक्यावर बसल्या. शाळा सुटली की प्रगती टमटमनं येई. कोळशावर कणीस तडतडायचं, आई त्यावर लिंबू फिरवायची. अंजनाबाई स्कूटर थांबवून रोज एक खायच्या आणि प्रगतीला पाढे विचारायच्या. नवरात्रात एका सोसायटीतला माणूस आला. त्यांच्याकडे शंभर माणसांचा कार्यक्रम होता.

"उद्या शंभर कणसं पाहिजेत. पण मोठी हां! भाव जास्त देतो."

आईनं हिशेब केला. शेतात लाल चिंधी नसलेली साठच उरली होती. तिनं प्रगतीकडे बघितलं नाही. "देते," ती म्हणाली.

रात्री जेवताना आईनं ते सांगितलं. प्रगतीचा घास तोंडातच राहिला. आजी भाकरीचा तुकडा कालवणात बुडवत राहिली. देऊनं घास गिळला.

"साठ दे," तो म्हणाला.

"जास्त भाव देतो म्हणाला. दिवाळीचा सामान निघंल."

"निघंल. आणि पुढल्या साली मी परत त्या कॅम्पात जाऊ? मुर्गीचा दाणा आणायला?" तो कधी नव्हे ते हसला. "एकदा हसले तेवढा पुरं. लाल चिंधीला हात लावायचा नाय."

आईनं मान खाली घालून भात वाढला. "मग साठच देते," ती म्हणाली. "चवळीच्या शेंगा नेते बरोबर. उकडून देईन म्हणून सांगते."

तो माणूस कुरकुरला, पण त्यानं साठ कणसं नेली आणि शेंगाही नेल्या. दोन दिवसांनी शेंगांसाठी परत आला.

दसऱ्यानंतर मुकादमाची जीप वाडीत आली. मुकादमानं देऊच्या दारात हॉर्न वाजवला. देऊ अंगणात नाचणीचे भारे रचत होता. त्यानं मान वर केली.

"आमचा यंदा नाय," तो म्हणाला आणि पुढचा भारा उचलला.

जीप चंदूच्या दाराशी जाऊन थांबली. चंदूनं भांड्यांचं गाठोडं चढवलं, मग बायकोला, मग मंगलीला. मंगली परत खाली उतरली आणि पळत प्रगतीकडे आली. तिच्या काखेत तांबडी कोंबडी होती.

"हिला ठेव. तिथं कुत्री मारतात."

"कधी येशील?"

"पाऊस पडायच्या आधी. पण बा म्हणतो, येऊन पेरायचा काय?" ती खांदे उडवून हसली आणि जीपमध्ये चढली. धूळ खाली बसेपर्यंत प्रगती कोंबडी धरून उभी होती.

आठ दिवसांनी लाल चिंधीची पन्नास कणसं वाळून तोडायला आली. आजीनं पानांच्या वेण्या घातल्या. आता त्या टांगायच्या कुठं? घरातली चूल पेटवायची म्हणजे आईला परत खोकला. देऊ चुलीकडे बघत डोकं खाजवत होता.

"मागच्या पडवीत," प्रगती म्हणाली.

मागच्या पडवीत आंघोळीचं पाणी तापवायची तीन दगडांची चूल होती. ती रोज पहाटे पेटायची. धूर घरात न येता वरच्या कौलांतून निघून जायचा. इतकी वर्षं तो तसाच जात होता, कुणाच्याही कामी न येता. देऊनं पडवीच्या वाशाला बांबू बांधला आणि आजीनं वेण्या हातात दिल्या. आई पदर कमरेला खोचून लाकडं घेऊन आली.

"घ्या," ती आजीला म्हणाली. "आता मना कोन बोलायचा नाय."

"मी कवा बोलले गो?" आजी म्हणाली, आणि दोघी हसल्या.

सगळी कणसं टांगून झाली. बा नांगर बघायला गेला, आई-आजी आत गेल्या. प्रगती एकटी राहिली. धूर कणसांमधून वळत वर चालला होता. तांबडी कोंबडी तिच्या पायांशी आली, मान वाकडी करून तिनं वर कणसांकडे बघितलं आणि पंख फडफडवून एक उडी मारून बघितली.

"बस झाला तुझा," प्रगती तिला म्हणाली.

मग ती डब्यावर चढली. तिनं पन्नासांतली सगळ्यांत भरलेली दहा कणसं सोडली, त्यांची वेगळी वेणी घातली आणि तिला आपल्या केसांतली निळी रिबीन बांधली, म्हणजे मंगलीची कोणती हे विसरायला नको. ती वेणी तिनं बांबूच्या सगळ्यांत वरच्या टोकाला अडकवली, जिथं धूर दाट होता आणि कोंबडीची उडी पोचणार नव्हती. आणि खाली उतरून तिनं चुलीत एक ओलसर लाकूड सरकवलं.